एका कोटात दोघी

बस सिग्नलला थांबली होती. खिडकीची काच बंद होती. रस्त्यापलीकडच्या चष्म्याच्या दुकानाची काचही बंद होती आणि तिच्या आत एक माणूस एका बाईशी काहीतरी बोलत होता. धाकटीने पेपरमिंटची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि बहिऱ्या माणसाच्या त्या सपाट, मोठ्या आवाजात सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली, "तो म्हणतोय, तुझ्या आईला सांग, आता आमच्याकडे जागा नाही. ती म्हणतेय, तूच सांग, तुला तोंड नाही का?" पुढच्या बाकावरचे दोघे वळून हसले. थोरली हसली नाही. लोकांना हसवून जिने पोट भरलं तिचा हसण्यावर फारसा विश्वास राहत नाही. हसणारं तोंड तिला आतून दिसतं, पडजीभ आणि किडक्या दाढांसकट. पण आज ती हसली नाही ते वेगळ्या कारणाने. तिने धाकटीकडे तोंड वळवलं आणि नुसते ओठ हलवले, "तुला कसं कळलं?" घरात ती असंच बोलायची, आवाज न काढता. बहिऱ्यापुढे घसा कशाला झिजवायचा? आणि आपलंच तेवढं हिला कळतं, सवयीने, असं ती धरून चालली होती. "अगं, दिसतंय की," धाकटी म्हणाली. "अनोळखी माणसं आहेत ती. आणि लांब आहेत." "मग काय झालं? कुणाचंही कळतं मला आता. रविवारी सिनेमात पण कळेल बघ. तू आणि हे त्या कोटात काय बोलत होतात, ते आता डोळ्यांनी ऐकायचंय मला." सिग्नल सुटला, बसने हिसका दिला, आणि आयुष्यभर पैसे घेऊन पडलेल्या, पडून कधी न लागलेल्या थोरलीने समोरचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

सिनेमाचं खूळ फिल्म क्लबच्या सेक्रेटरीने घरात आणलं होतं. स्वतः येऊन गेला होता तो, आणि आनंदाने खुर्चीत मावत नव्हता. कुठल्याशा बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावर डबे सापडले होते, वरून गंजलेले, आतली फिल्म शाबूत. 'एका कोटात दोघं'. कंपनीच्या गोदामाला आग लागली तेव्हा जळून गेलं म्हणून सगळ्यांनी हळहळून सोडून दिलेलं मूक चित्र. सगळ्यांनी, म्हणजे थोरली सोडून. तिने ती बातमी वाचून चहाचा दुसरा कप घेतला होता. "बाई, तुम्ही दोघींनी पहिल्या रांगेत बसायचं आणि नंतर स्टेजवर येऊन दोन शब्द बोलायचे," सेक्रेटरी म्हणाला. "दोन शब्द मी तेव्हाही बोलत नव्हते," थोरली म्हणाली, तर तो गुडघ्यावर थाप मारून हसला. तिने काहीही म्हटलं तरी लोक हसायचे. घरातलं कुणी गेल्याची बातमी तिच्या तोंडून ऐकली तरी आधी हसायचे, मग ओशाळायचे. लोकांनी तिला नाव ठेवलं होतं घसरगुंडी. जिन्यावरून, शिडीवरून, धावत्या गाडीवरून, साबणाच्या पाण्यात, पिठाच्या पोत्यात, जिथे म्हणून पडता येतं तिथे ती पडली होती. आणि पडायला अक्कल लागते. श्वास सोडून द्यायचा, हनुवटी छातीला टेकवायची, आधी खांदा जमिनीला लावायचा, आणि तोंडावर मात्र असा भाव ठेवायचा की आपण पडतोय हे आपल्याला अजून कळलेलंच नाही. लोक पडण्याला हसत नाहीत, त्या न कळण्याला हसतात. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बाकीच्या नट्या पडायच्या आधी डोळे मिटून घेत, म्हणून त्यांच्या पडण्याची दया यायची, आणि दयेची तिकिटं खपत नाहीत.

तिच्याबरोबर पडायचा तो जाडा नट. लोक त्याला भोपळा म्हणायचे. ती काडी, तो भोपळा. ती रागीट, तो हसरा. ती पडायची आणि तिच्यावर तो पडायचा. एकटी ती बरी होती, एकटा तो ठीक होता, पण जोडी पडद्यावर आली की बाहेर तिकिटासाठी मारामारी व्हायची. स्टुडिओत एका भल्यामोठ्या काचेच्या छपराखाली शेजारीशेजारी तीन-तीन चित्रं चालायची तेव्हा. इकडे लग्न लागतंय, मधे आग लागलीय, पलीकडे घसरगुंडीला पिठात लोटताहेत, आणि मधल्या भिंती कॅनव्हासच्या. सुतार ठोकताहेत, डायरेक्टर भोंग्यातून ओरडतोय, कॅमेरावाला तोंडाने ठेका धरून दांडा फिरवतोय, एक फिडलवाला कोपऱ्यात बसून रडायच्या दृश्याला रडकं आणि पळायच्या दृश्याला पळतं वाजवतोय. भिंतीला कान असतात म्हणतात. पण इथे भिंतीच धड नव्हत्या आणि कानांना कुणी विचारत नव्हतं. ओठ हलले की झालं. त्यामुळे नटमंडळी वाट्टेल ते बोलायची. प्रेमाच्या दृश्यात हिरो हिरॉइनच्या डोळ्यात डोळे घालून स्वतःच्या मूळव्याधीची हकिकत सांगायचा. मरणाऱ्या आईच्या उशाशी मुलगा तिला 'म्हातारे, पाय काढ माझ्या बोटांवरून' म्हणायचा आणि बायका थिएटरात पदराने डोळे पुसायच्या. सवयच लागली होती सगळ्यांना, आपल्या बोलण्याला आवाज नसतो अशी. एकदा तो हिरो बुटाच्या दुकानात दुकानदाराच्या तोंडावर, गोड हसत, 'चोर आहे मेला' म्हणाला आणि दुकानदाराने गचांडी धरली तेव्हा खरोखर चकित झाला. हे ऐकून थोरली पोट धरून हसली होती. तेव्हा ती हसायची.

धाकटी कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी. आईबाप गेल्यावर थोरलीने तिला आपल्याकडे आणलं. बावळट नव्हती, पण दिसायची. गोल तोंड, जाड वेणी, कशालाही 'बरं' म्हणायची. त्याच सुमारास दुसरी एक कंपनी भोपळ्याला डोळा घालायला लागली. तिथे तो एकटाच पडणार, नाव एकट्याचं मोठं. थोरलीची झोप उडाली. भोपळा गेला तर काडी कुणावर चिडणार? ती नुसतीच एक चिडकी बाई उरली असती, आणि चिडक्या बायका लोकांच्या घरी फुकट असतात. तिने हिशेब केला. घरचा माणूस घर सोडून जात नाही. मग तिनेच भोपळ्याला पढवला. मागणी कशी घालायची, दारात कसं उभं राहायचं, टोपी हातात घेऊन कशी फिरवायची, आणि मुलगी समोर आली की बोलायचं कसं विसरून जायचं. "टोपी तीनदा फिरव, मग पाड, वाकून उचल आणि मग विसर," ती म्हणाली होती. तो तालीम केल्यासारखा आला, टोपी फिरवली, पाडली, उचलली, विसरला. धाकटी 'बरं' म्हणाली. आणि त्या टोपीवर ती सगळा जन्म जगली. दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येकाला सांगायची, "ह्यांनी स्वतःहून मागणी घातली मला. एवढा पडद्यावरचा माणूस, पण माझ्यापुढे शब्द फुटेना." ऐकताना थोरलीच्या जिभेवर यायचं, ते विसरणं माझं आहे बाई, मी बसवलंय ते. पण ती गिळायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ तिने इतकी वर्षं झाकून ठेवली होती की तिच्याजवळ दुसरं काही उरलंच नव्हतं.

लग्नानंतर वर्षभराने भोपळ्याने पुन्हा जायचं काढलं. थोरलीला तोंड दाखवेना. आठवडाभर ती त्याला गाठायला बघत होती आणि तो, एवढा अवाढव्य माणूस, कॅनव्हासच्या मागे नाहीसा व्हायचा. मग ते कोटाचं दृश्य आलं. थंडीत दोघांत एकच कोट, दोघंही आत शिरतात, बटणं लागतात आणि सुटत नाहीत. दोन तोंडं एका गळपट्टीतून वर आलेली. डायरेक्टरने कॅमेरा अगदी जवळ आणला. तिने रडायचं, गयावया करायची, त्याने हसत राहायचं. कोटात तो पळून कुठे जाणार? डोळ्यांतून पाणी काढत, हनुवटी थरथरवत ती म्हणाली, "जा ना. जाऊन दाखव. घरची पोरगी दिलीय तुला." तो हसत म्हणाला, "दिलीस की गळ्यात मारलीस?" "काही म्हण. तुला बांधून ठेवायला दिलीय ती. त्यापलीकडे त्या ठोंबीत आहे काय?" मग त्याचं ते प्रसिद्ध हसू गालभर पसरलं आणि तो म्हणाला, "खरंय. दुसरं काही नाही." थिएटरं फुटली त्या दृश्याला. रडणारी काडी आणि हसणारा भोपळा बघून लोक खुर्च्यांवरून खाली घसरले म्हणतात. आणि भोपळा गेला नाही. थांबला. बोलपट येईपर्यंत त्याच कंपनीत, तिच्याबरोबर पडत राहिला. आपण त्याला थांबवलं, या एका गोष्टीचा थोरलीला जन्मभर अभिमान होता आणि तो कुणापुढे मिरवता येत नव्हता.

बोलपट आला तेव्हा कळलं की घसरगुंडीचा आवाज घोगरा, पुरुषी आहे. ती पडली की लोक हसत, उठून बोलली की गप्प होत. भोपळ्याचा आवाज चांगला निघाला, पण हृदयाने त्याला फार दिवस बोलू दिलं नाही. घरचा जिना चढता चढता बसला तो बसलाच. जिन्यावर पडायची तालीम असलेला माणूस जिन्यावर नुसता बसून मेला. त्याने घेतलेलं घर धाकटीचं झालं, आणि भाडं थकल्यावर थोरली आपली ट्रंक घेऊन त्या घरी आली. "ये ताई," धाकटी म्हणाली, बस्स. तेव्हापासून त्या दोघी तिथे राहत होत्या, तिसऱ्या मजल्यावर, गच्चीकडच्या दोन खोल्यांत, आणि भिंतीवरून भोपळा दोघींकडे बघून हसत होता. धाकटी रोज सकाळी त्याची काच पुसायची. थोरलीला ते फडकं फिरवणं बघवत नसे. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत हे तिलाही कळत होतं. पण बहिणीच्या हातचा मऊ पाव खाताना तिच्या घशात रोज तीच ओळ यायची, बांधून ठेवायला दिली होती तुला, बांधून ठेवायला. धाकटीचा सुखी वैधव्याचा तो तोरा, ती पेपरमिंट, तिचं 'हे म्हणायचे'. मग तिचे कान गेले, हळूहळू, आणि थोरलीला वाटलं आता तरी हिचं बोलणं कमी होईल. उलट वाढलं. ऐकू न येणाऱ्या माणसाला कोण गप्प बसवणार?

बसमधून उतरल्यापासून रविवारपर्यंत थोरली त्या एकाच गोष्टीभोवती फिरत राहिली. हिने ते ओठांवरून वाचलं तर? वाचेल, आणि तिथेच, भर थिएटरात, तिच्या त्या आवाजात म्हणून दाखवेल, कारण वाचलेलं मोठ्याने म्हटल्याशिवाय तिला कळतच नाही. टोपी जाईल, मागणी जाईल, भिंतीवरचा फोटो जाईल. आणि मग ट्रंकही जाईल, गच्चीकडच्या खोलीतून खाली रस्त्यावर. हे एक भय होतं. पण भयाच्या आत आणखी काहीतरी होतं, आणि त्याची तिलाच लाज वाटत होती. वाचू दे, असं ते म्हणत होतं. एकदा कळू दे हिला. एकदा हिचं तोंड बघायचंय मला, आपण पडतोय हे कळण्याच्या आधीचं. भाजी चिरताना सुरी थांबवून ती धाकटीकडे बघत राहायची. शनिवारी तिने शेवटचा प्रयत्न केला. "नको जाऊ या," ती ओठांनी म्हणाली, "माझे गुडघे दुखताहेत." "शेकायला पाणी ठेवते," धाकटी म्हणाली. "जुनं चित्र आहे, डोळ्यांना त्रास होईल तुला." "कानांना तर होणार नाही?" आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन धाकटी दोघींच्या बुटांना पॉलिश करायला बसली. थोरलीचे बूट तिने आधी घेतले. नेहमी आधीच घ्यायची. थोरलीला तेही खुपलं.

थिएटर भरलं होतं. बहुतेक तरुण पोरं, कॉलेजातली, ज्यांच्या आयांनाही ती ठाऊक नसेल. दिवे गेले, पियानोवर कुणीतरी बसलं, आणि पडद्यावर एक काडीसारखी बाई जिन्यावरून खाली आली, सगळ्या पायऱ्या मोजत, पाठीने. हशा उसळला. थोरलीने पडद्याकडे बघितलंच नाही. ती धाकटीकडे बघत होती. पडद्याचा उजेड त्या गोल तोंडावर हलत होता. धाकटी इतरांसारखीच हसत होती, मधूनच एखादं वाक्य मोठ्याने म्हणत होती. "तू म्हणतेयस, पाठीला खिळा लागला!" मागची पोरं त्यालाही हसायला लागली. त्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. कुणीतरी म्हणालं, "आजी, पुढचं सांगा!" आणि पियानोवाल्याने आवाज खाली आणला. मग बर्फ पडायला लागला, कापसाचा, आणि कोट आला. दोन तोंडं पडदाभर झाली. उठून पडद्यापुढे उभं राहावं, पडावं, काहीही करावं असं तिला वाटलं, आणि ती बसून राहिली.

"जा ना. जाऊन दाखव," धाकटी म्हणाली. "घरची पोरगी दिलीय तुला." हशा. "दिलीस की गळ्यात मारलीस?" मोठा हशा. थोरलीने आता पडद्याकडे पाहिलं, कारण धाकटीच्या तोंडाकडे बघवेना. आणि तिला दिसलं की पडद्यावर तिचे स्वतःचे ओठ अजून मिटलेलेच आहेत. ती श्वास घेत होती, रडं आणत होती. "काही म्हण. तुला बांधून ठेवायला दिलीय ती," धाकटीचा सपाट आवाज म्हणाला, आणि मग पडद्यावरचे ओठ हलले. आवाज आधी, ओठ मागून. "त्यापलीकडे त्या ठोंबीत आहे काय?" आवाज. मग ओठ. लोक खुर्च्या बडवत होते. भोपळ्याचे ओठ अजून हलायचे होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच थोरलीने त्याचे डोळे बघितले, कारण कोटात असताना ती त्याच्या गालाला चिकटून कॅमेऱ्याकडे तोंड करून होती, आणि पडद्यावर ती नेहमी स्वतःलाच बघायची. ते डोळे कॅमेऱ्यात नव्हते. कॅमेऱ्याच्या जरा बाजूला, जरा खाली, कुणीतरी बसलं असेल तिथे होते. "खरंय, दुसरं काही नाही," धाकटी म्हणाली. भोपळा त्या कुणाकडे तरी बघून गालभर हसला, आणि मग तेच म्हणाला.

दिवे लागले तरी टाळ्या थांबेनात. "तू तिथे होतीस," थोरली म्हणाली. "डबा घेऊन यायचे की रोज. कॅमेऱ्याशेजारच्या खोक्यावर बसायचे. तूच बसवायचीस." "पण तो फिडल... सुतार..." "फिडलवाल्याची तार तुटली होती त्या दिवशी. सुतार जेवायला गेले होते. सगळ्यांना ऐकू गेलं, ताई. कॅमेरावाल्याला, डायरेक्टरला, सगळ्यांना." धाकटीने रुमालात पेपरमिंट शोधली. "घरी आल्यावर हे माझ्यापुढे टोपी घेऊन उभे राहिले. ती तू शिकवलेली आहे, हे लग्नाच्या आधीच सांगितलं होतं त्यांनी. त्या दिवशी पुन्हा फिरवली, पुन्हा पाडली, म्हणाले, बोल, तुझ्यात दुसरं काही आहे का? इतके हसलो आम्ही. मीच म्हटलं मग, राहा इथेच, जाऊ नका, ती एकटी पडेल." "इतकी वर्षं," थोरली म्हणाली, "बोलली का नाहीस?" "काय बोलायचं? आपलेच दात, आपलेच ओठ." हे ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, त्यामुळे तिसऱ्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

मग सेक्रेटरी आला आणि थोरलीला दंडाला धरून वर घेऊन गेला. तिच्यापुढे मायक्रोफोन होता, तिची भाकरी खाल्लेली ती वस्तू, चकचकीत आणि नम्र. समोर सगळी तोंडं हसायला तयार होऊन बसली होती. पहिल्या रांगेत धाकटी होती, पॉलिश केलेले बूट जुळवून. थोरलीच्या झाकल्या मुठीत काहीच नव्हतं, कधीच नव्हतं, आणि ते सगळ्या कंपनीला ठाऊक होतं, कॅमेऱ्याचा दांडा फिरवणाऱ्याला ठाऊक होतं, मेलेल्या माणसाला ठाऊक होतं. तिच्यावर दया केलेली होती. तिच्या जोडीदाराची, घराची, रोजच्या पावाची दया. तिने माइकपासून तोंड बाजूला घेतलं, धाकटीकडे बघितलं आणि आवाज न काढता, एकेक शब्दाला ओठ नीट हलवून म्हणाली, "मला तू कधीच आवडली नाहीस." "बाई काय म्हणाल्या?" सेक्रेटरीने वरून धाकटीला खुणेने विचारलं. धाकटी गोळी गालात सरकवून उभी राहिली, लोकांकडे वळली. "ती म्हणतेय," तिने सांगितलं, "सगळ्यांचे आभार." टाळ्यांचा कडकडाट झाला. मग ती पुन्हा थोरलीकडे वळली आणि बहिरी झाल्यापासून पहिल्यांदाच आवाज न काढता काहीतरी म्हणाली. लहानसं वाक्य होतं. थोरली पुढे वाकली, डोळे ताणून त्या ओठांकडे बघत राहिली. सगळा जन्म ओठ हलवण्यात गेला होता. ते वाचायला ती कधी शिकली नव्हती. तिच्या तोंडावरचा तो भाव पाहून पहिल्या रांगेतून हसू फुटलं, आणि बघता बघता सगळं थिएटर हसायला लागलं.